समुद्राला नेलेला नारळ : अंबडहून नागावपर्यंत मोटारीने

आमच्या निजाम सरकारच्या राज्यात पुष्कळ काही आहे, समुद्र तेवढा नाही. म्हणून अंबडच्या अदालतीत, वकिलांच्या खोलीत बसून मी जेव्हा जाहीर केलं, की यंदा माघात मोटार घेऊन समुद्र पाहायला जाणार, तेव्हा माझ्या सहकाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. एकाने विचारलं, "पाणीच पाह्यचं ना वकीलसाब? मंग घरचा रांजण काय वाईट हाय?" दुसऱ्याने मोटारीला पोहता येतं का, अशी चौकशी केली. जालन्याच्या एका कापूसवाल्या शेठजींनी नवी मोटार घेतली तेव्हा त्यांची जुनी मी घेतली होती, आणि अंबड ते जालना, जालना ते अंबड करून मी आणि ती दोघंही कंटाळलो होतो.

कापूस वेचून झालेला आणि ज्वारी अजून उभी, असा माघाचा महिना आमच्याकडे जरा मोकळा असतो. नद्या उतरलेल्या असतात, ऊन अजून बोचत नाही. एका संध्याकाळी मी ओसरीवर नकाशा पसरला आणि सुताच्या दोऱ्याने रस्ता मोजू लागलो. अंबडहून शहागड, तिथे नदी ओलांडून गेवराई, पाथर्डी, नगर. मग पुणे. मग बोरघाट उतरून पेण, धरमतरची खाडी, अलिबाग, आणि तिथून समुद्राच्या कडेकडेने रेवदंड्यापर्यंत. माझी बायको सगुणा नकाशाचं टोक धरून बसली होती. माय पलीकडे ज्वारी निवडत होती.

मायबद्दल इथेच सांगतो. तिचा सगळा जन्म केदारखेड्याला, पूर्णेच्या काठावर, शेतात गेला. दोन वर्षांपूर्वी दादा, म्हणजे माझे वडील, आजारी पडले म्हणून दोघंही अंबडला आमच्याकडे आली, आणि दादा इथेच गेले. त्यांच्या अस्थी आम्ही शहागडला गोदावरीत सोडल्या. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. बायकांना घाटावर नेत नाहीत, म्हणून माय त्या दिवशी घरीच राहिली. त्यानंतर ती कामं सगळी करायची, पण बोलणं आटलं होतं. संध्याकाळी शेजारच्या बायका ओसरीवर जमायच्या, आणि ही आत चुलीपाशी जाऊन बसायची.

त्या संध्याकाळी मात्र सुपातून मान वर काढून तिने विचारलं, "दिगू, आपली गंगा समुद्रालाच मिळती ना रे?"

"मिळते की," मी दोरा मोजता मोजता म्हणालो.

"मंग म्या बी येते. मला तिथं एक नारळ द्यायचा हाय."

इतकंच बोलून ती पुन्हा ज्वारीतले खडे काढू लागली. तिच्या मनातलं मला लगेच कळलं, निदान मला तरी तसं वाटलं. दादा ज्या पाण्याबरोबर गेले ते पाणी जिथे पोचतं तिथे तिला त्यांच्या नावाने नारळ द्यायचा होता. मला भरून आलं. तेवढ्यात सगुणाने नकाशावर बोट ठेवलं. गोदावरीची निळी रेघ शहागडहून निघून नांदेडकडे, तिथून आणखी पुढे, थेट पूर्वेच्या समुद्रापर्यंत गेली होती. आमचा दोरा पश्चिमेला होता. मी घाईघाईने नकाशाची घडी घातली.

आत गेल्यावर सगुणा म्हणाली, "त्यांला सांगा. त्या भलत्याच समुद्राला नारळ देऊन येतेन."

"सांगतो."

"वकिलाचं सांगतो म्हंजे पुढची तारीख," ती म्हणाली, आणि ते अगदी बरोबर होतं.

सांगायचं तरी कसं? पूर्वेचा समुद्र मोटारीच्या आवाक्यातला नव्हता. खरं सांगितलं तर ती येणार नाही, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने तोंडाने काहीतरी मागितलं होतं. वाटेत सोईची वेळ पाहून सांगावं असं मी ठरवलं.

निघालो ते पहाटे. सामान म्हणजे पेट्रोलचे डबे, दोन गाद्या, भाकऱ्यांची चळत, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि मायच्या मांडीवर एक पुरचुंडी. तिच्यात अंबडच्या वाण्याकडून नीट वाजवून घेतलेला नारळ आणि केदारखेड्याच्या रानातली मूठभर ज्वारी. ती पुरचुंडी तिने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

शहागडला पूल नाही. माघात पात्रात मधोमध गुडघाभर धार असते, बाकी सगळी वाळू. गावकरी वाळूवर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, अंथरून मोटारीसाठी वाट करून देतात आणि त्याचे थोडेफार पैसे घेतात, ते आनंदाने द्यावेत. वाळूतून जाताना मधे थांबू नये. थांबायचंच झालं तर ओली वाळू पाहून थांबावं, ती घट्ट असते, कोरडी दगा देते. हे ज्ञान मी सगुणाला मोठ्या ऐटीत सांगितलं. पुढे ते माझ्या चांगलंच अंगाशी आलं. धारेपाशी मायने पाण्यात पैसा टाकला, हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. सगुणाने मागून माझ्या पाठीत कोपर मारलं. मी गिअर बदलला.

गेवराईच्या पुढे हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागतो. तिथे सामान उघडून दाखवावं लागतं, लपवाछपवी करू नये, वेळ जातो. नाक्यावरचे लाल टोपीवाले मुन्शीजी पुरचुंडीपाशी थांबले.

"इस में क्या है अम्मा?"

"नारळ हाय बाबा. समुद्राला द्यायला."

मुन्शीजींना हसू आवरेना. "समुंदर कू नारियल लेके जा रै? अम्मा, वहाँ तो झाडाँ पे लटकते!"

"ते त्याचे," माय म्हणाली. "ह्यो माझा हाय."

मुन्शीजींनी पुरचुंडीला स्वतःच्या हाताने गाठ मारून दिली.

पाथर्डीपुढचा रस्ता म्हणजे खड्डे आणि खड्ड्यांच्या मधे थोडा रस्ता. करंजीचा घाट सावकाश चढावा. नगरला धर्मशाळेत उतरलो. आपल्याकडून जाणाऱ्यांनी नगरलाच आपले हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार करून घ्यावेत. पुढे आपला रुपया कुणी घेत नाही, उलटून पालटून पाहतात आणि मुलाला खेळायला मागतात.

पुण्यात एका खाणावळीत जेवलो. पोळी इतकी पातळ, की मायने ती उजेडात धरून विचारलं, "हे खायचं हाय का पांघरायचं?" वाढप्याने ऐकलं आणि तो आम्हाला शेवटपर्यंत आग्रहाने वाढत राहिला. पुण्याची माणसं तुसडी असतात असं ऐकून होतो, आमचा अनुभव तरी तसा नाही. फक्त मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' म्हणून दाखवायची.

बोरघाटात मोटार तापली. दरीच्या कडेला थांबलो. खाली सगळं निळंनिळं, वारा गार, माय दगडावर निवांत बसलेली. याहून सोईची वेळ कुठली? सगुणाने डोळ्यांनी खूण केली. मी घसा साफ केला, "माय, आपली गंगा हाय ना, ती..." आणि तेवढ्यात रेडिएटरचं झाकण फटकन उडालं. वाफेचा लोट माझ्या टोपीसकट वर गेला. टोपी सापडेपर्यंत विषय मागे पडला. तापलेलं झाकण चटकन उघडू नये हे सगळे सांगतात, पण ते आपण होऊन उडतं हे कुणी सांगत नाही.

धरमतरला खाडी ओलांडायची असते. दोन मोठ्या होड्या एकीला एक बांधून वर फळ्या टाकतात आणि मोटार त्यावर चढवतात. आम्ही पोचलो तेव्हा होडीवाले तंबाखू मळत बसले होते. "भरती लागू दे, मंग नेताव," एवढंच ते म्हणत. मला वाटलं, आळशी आहेत. मी त्यांना वक्तशीरपणावर चार शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि तंबाखू मळत राहिले. नंतर मोटार होडीवर चढवली तेव्हा मायने पाय वर घेऊन डोळे गच्च मिटले, आणि सगुणा मात्र उभी राहून इकडे बघा, तिकडे बघा करत होती.

अलिबागेत एका नारळाच्या वाडीवाल्यांकडे खोली मिळाली. भाडं बेताचं, विहिरीचं पाणी गोड, जेवायला भात आणि ताजी मासळी. आमच्या बाजाराला सुकट आणि बोंबील येतात तेवढीच मासळी आम्हाला ठाऊक. सगुणाने ताव मारला. माय म्हणाली, "भातानं पोट भरतं, पण जेवल्यावाणी वाटत न्हाई." मग तिने शिल्लक भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागावकडे निघालो. मोटार घेऊन जाणाऱ्यांनी हा रस्ता मुळीच चुकवू नये. दोन्हीकडे तांबड्या दगडांचे बुटके गडगे, म्हणजे बिनचुन्याच्या भिंती, त्यांच्यामागे नारळी-सुपारीच्या वाड्या, डोक्यावर सगळी सावली. आमच्याकडे एवढी सावली एका जागी मी पाहिलेली नाही. मग सुरूच्या झाडांमधून वाट निघाली, आणि समोर समुद्र.

मायने डोळ्यांवर हात धरला. मग तिने विचारलं, "पल्याडचा काठ कुठं हाय?"

"न्हाई, माय."

"न्हाई म्हंजे? दिसत न्हाई, का न्हाईच?"

इतकं पाणी एकाच वेळी पाहायची डोळ्यांना सवयच नव्हती.

पाणी दूर होतं आणि मधे ओली, सपाट, चकचकीत वाळू पसरलेली. माझ्यातला शहागडचा वाळूपंडित जागा झाला. मी मोटार थेट पाण्याजवळ नेली आणि घट्ट ओली वाळू पाहून उभी केली. सगुणा म्हणाली, "हितं? झाडाखाली ठेवा की." मी म्हणालो, "ओली वाळू घट्ट असते, शहागडला पाहिलंस ना?" नदीच्या पात्रात गाड्या सोडून बैल पाण्यावर न्यायचे, हे लहानपणापासून पाहिलेला माणूस मी. माघात नदीला पूर येतो असं कधी ऐकलंय कुणी?

माय पुरचुंडी घेऊन पाण्याकडे गेली. घोट्याभर पाण्यात उभी राहून तिने ज्वारी सोडली, नारळ सोडला, हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा नारळ तिच्या पायाशी. तिने तो उचलला, दोन पावलं पुढे जाऊन सोडला. लाटेने परत आणला. तिसऱ्या वेळी तिने तो जोर करून ढकलला. तो जरासा गेला, थांबला, वळला आणि पुन्हा तिच्या पायाशी येऊन टेकला.

नदीत सोडलेला नारळ मागे फिरत नाही. आम्ही जन्मभर तेच पाहिलेलं. मायचा चेहरा उतरला. तो ओला नारळ पोटाशी धरून ती म्हणाली, "घेत न्हाई रे, दिगू."

मला ते सहन होईना. सोईची वेळ वगैरे सगळं विसरून मी बोलून टाकलं. "माय, म्या तुला आधीच सांगायला पाहिजे व्हतं. आपली गंगा हितं येत न्हाई. ती तिकडं, उगवतीच्या समुद्राला जाती. दादा तिकडं गेलेत. ह्यो दुसराच समुद्र हाय."

माय माझ्याकडे बघतच राहिली. ती काही बोलणार तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण धावत येत होती. "आवं, गारी कारा! भरती आयलीय, गारी कारा!"

'गारी' म्हणजे गाडी हे कळून वळून पाहिलं तर मोटारीची पुढची चाकं पाण्यात होती. मी धावत जाऊन इंजिन सुरू केलं. चाकं फिरली आणि आणखी खाली बसली. "पऱ्हाट्या आणा," मी ओरडलो. आता नागावात पऱ्हाट्या कुठून येणार? कोळीणबाईंनी हाक मारून दीर बोलावला, दिराने बैल आणले, बायकांनी नारळाच्या झावळ्या आणून चाकांखाली टाकल्या. मायने नारळ ठेवला, कासोटा खोचला आणि झावळ्या कुठे, किती टाकायच्या हे ती त्यांना सांगू लागली. गाळात रुतलेली गाडी काढण्यात तिचा हात कोण धरणार? बैलांनी मोटार सुरूच्या झाडांपाशी आणली तेव्हा तिच्या आधीच्या जागी कमरेएवढं पाणी होतं. सगळे हसत होते, मीसुद्धा. समुद्राला इथे रोज पूर येतो आणि रोज ओसरतो, हे मला त्या दिवशी कळलं. धरमतरच्या होडीवाल्यांना मनातल्या मनात हात जोडले.

मायने कोळीणबाईंना नारळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भरतीत टाकलाव त कसा जाईल, आये? सांजच्याला उतरती लागंल, तवा दे. बराबर नेईल."

मग दुपारभर आम्ही झाडाखाली बसलो. बाईंनी शहाळी दिली, मायने त्यांना उरलेला ठेचा दिला. त्या गेल्यावर माय म्हणाली, "आता बोल. काय म्हणत व्हतास?"

मी खाली मान घालून पुन्हा सगळं सांगितलं.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली. "आरं, पूर्णेवर धुणं धुता धुता माझे केस पिकले. हातातून धोतर निसटलं तर कोणीकडं पळायचं, हे मला ठाऊक न्हाई का? उगवतीकडं. पूर्णा काय अन् गंगा काय, येकच वाट. अन् तुझी मोटार तर रोज दुपारनंतर मावळतीचं ऊन माझ्या डोळ्यात घालून राह्यली व्हती."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते तर तू मोटार फिरवली असती."

सगुणाने तोंडाला पदर लावला. मी विचारलं, "मंग नारळ कुणाच्या नावाचा?"

"माझ्या नावाचा. समुद्राला पहिल्यांदा भेटायचं, तर मोकळ्या हातानं जातेत का?" मग ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुझे दादा तिकडच्या समुद्राला गेले. तो त्यांनी पाह्यला असंल. म्या बी तोच पाहून काय करू? भेट झाल्यावर एकमेकाला सांगायला काही नको का?"

सगुणाचा पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला. मी मोटारीची चाकं तपासायला उठलो, ती तपासायची काही गरज नव्हती.

ऊन कलल्यावर पाणी मागे सरू लागलं. माय त्याच्या मागे मागे गेली आणि नारळ सोडला. या वेळी तो हलत डुलत सरळ पुढे गेला. दिसेनासा होईपर्यंत ती उभी होती. मग तिने तांब्या भरून पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. मी म्हणालो, "माय, खारट हाय, पिता येत न्हाई." ती म्हणाली, "प्यायला कोण घेतंय?"

पुढच्या दिवशी चौल, रेवदंडा पाहून परतलो. किनाऱ्याच्या कडेने मोटार सावकाश हाकावी. वळणावर बैलगाडी असते आणि वळण नसेल तिथे समुद्राकडे लक्ष जातं. मोटार खाऱ्या पाण्यात गेली असेल तर गोड्या पाण्याने लगेच धुवावी. मी अलिबागेत धुतली तरी आत कुठेकुठे गंज धरला तो धरलाच.

येताना शहागडला धार लागली तशी माय म्हणाली, "थांबीव." वाळूत थांबू नये हे माझं ज्ञान मी या वेळी तोंडातच ठेवलं. ती खाली उतरली, धारेत गेली आणि तांब्याचं फडकं सोडून ते पाणी गंगेत ओतलं. या वेळी ती पुटपुटली नाही. आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "घेऊन जा, गंगामाय. त्यांला म्हणावं, खारट हाय, पण पाह्यजोगं हाय."

परत येऊन बसल्यावर सगुणाने हळूच विचारलं, "आत्याबाई, भेटल्यावर सांगणार व्हता ना?"

"तवर कोण दम धरतंय?" माय म्हणाली.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. मोटारीच्या गादीतून अजून वाळू निघते. खर्चाचं विचाराल तर मी धरला होता त्याहून बराच जास्त झाला. कुणी मोटारीने जाणार असेल तर मी एवढंच सांगेन, की माघ पौर्णिमेच्या सुमारास जा, भरतीची वेळ गावात विचारून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्या जागेवर बसवा.

आलो त्याच संध्याकाळी शेजारच्या बायका ओसरीवर जमल्या. समुद्र केवढा असतो, कसा असतो, हे त्यांना ऐकायचं होतं. मी नकाशा आणायला आत वळलो, तेवढ्यात चुलीपासून माय उठून बाहेर आली आणि त्यांच्या मधोमध बसली.

"काय सांगू बाई," ती म्हणाली, "आपल्याकडचं पाणी गेलं की गेलं. तिथलं जातं, अन् पुन्हा येतं. माझा नारळ तीनदा आणून दिला त्यानं."

मग तिने धरमतरच्या होडीपासून सुरुवात केली, मोटार बुडाली तिथे आवाज चढवला, आणि मी कसा पऱ्हाट्या मागत होतो त्याची नक्कल करून दाखवली. बायका हसून हसून लोळायच्या बेताला आल्या. सगुणाने दिवा आणून ठेवला, दोनदा जेवायला हाक मारली. माय उठली नाही.